एकच कपडे दहा-पंधरा वर्षं वापरायचे तर कोणते घ्यावेत? आणि ते जुनाट दिसत नाहीत का?

"महागातले घ्या, टिकतात." या प्रश्नाला हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. कपडे दुरुस्त करणाऱ्या माणसाला या वाक्याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही, म्हणून आधी तेच निकालात काढतो.

महागडा सुती शर्ट महाग असतो तो बऱ्याचदा बारीक सुतामुळे. 120, 140 काउंट असं कौतुकाने सांगतात ते हेच. काउंट जितका मोठा तितका धागा बारीक. बारीक धागा मऊ लागतो, अंगावर छान पडतो आणि घासण्यापुढे लवकर हात टेकतो. 40-50 काउंटचं साधं, घट्ट विणीचं कापड कॉलरपाशी त्याच्यापेक्षा जास्त टिकतं. लोकरीच्या सुटाचंही तसंच ('सुपर'पुढचा आकडा मोठा तितकी लोकर बारीक), 'सुपर 150' हे 'सुपर 100'च्या आधी झिजतं. घ्यायचंच तर घट्ट वीण, शिवणीत भरपूर माया (आत सोडलेलं जादा कापड) आणि कमीत कमी इलॅस्टेन (ताणणारा धागा) एवढं बघा. जीन्समधलं ते दोन टक्के इलॅस्टेन उष्णतेने आणि क्लोरीनने मरतं. मग गुडघ्यांना पोक येतो आणि तो कशानेही जात नाही.

खरा मुद्दा वेगळाच आहे. कपडा कधी एकदम सगळा जुना होत नाही. शर्ट कॉलरच्या घडीवर, कफच्या कडेला आणि कोपरावर जातो. पँट मांड्यांच्या मध्ये, खिशाच्या तोंडाशी आणि टाचेकडच्या दुमडीवर जाते. बाकी कापड धडधाकट असताना लोक या चार बोटं जागेपायी सगळा कपडा टाकून देतात.

कॉलरचंच घ्या. कॉलर उलटवणं म्हणजे चिक्कूपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती उलटवलेली कॉलर ओळखून दाखवावी. कॉलरचे दोन भाग असतात: गळ्याभोवती उभी राहणारी पट्टी, आणि तिच्यातून निघून बाहेर दुमडणारी कॉलर. दाढीचे खुंट आणि मानेचा घाम घडीवर बसतात, त्यामुळे विरते ती कॉलरची वरची, दिसणारी बाजू. आतली बाजू बहुतेक वेळा कोरी असते. ती बाहेर आणायची, एवढंच काम.

सुरुवात खुणेपासून. कॉलरचा मध्य आणि पट्टीचा मध्य, दोन्हीवर रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घाला. खडूची खूण उसवताना पुसली जाते. कॉलर पट्टीत दोन्ही टोकांना जिथे शिरते त्या जागाही टाका घालूनच ठेवा. मग पट्टीच्या वरच्या कडेची टीप सीम रिपरने (टाके उसवायचं छोटं हत्यार) उसवा, आणि तिच्याखाली कॉलर धरून ठेवणारी दुसरी टीप असते तीही. पट्टीची बटणाकडची आणि काजाकडची गोल टोकं उसवायची नाहीत. ती शाबूत राहिली तर परत बसवताना माप चुकत नाही. ब्लेड वापरू नका. पट्टीचं कापड एकदा कापलं गेलं की कामाला काम वाढतं.

कॉलर सुटली की अडकलेले धागे आणि मळ काढा. विरलेल्या रेषेखाली पातळ, धुतलेल्या सुती कापडाची दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी ठेवून वरून बारीक झिगझॅग मारा. ही बाजू आता लपणार आहे, तेव्हा देखणेपणाची काळजी नको. कॉलर उलटी करा, आधी मध्याला मध्य लावा, मग टोकं, आणि सबंध लांबीवर कच्चा टाका घाला. मशीनला 70 किंवा 80 नंबरची सुई, टाका 2 ते 2.5 मिलिमीटर, आणि टीप शक्यतो जुन्याच भोकांवरून.

बिघडतं कुठे? मध्य हलला तर एक टोक दुसऱ्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर खाली येतं, आणि आरशात पहिलं तेच दिसतं. दुसरं, शिवताना वरचं कापड खालच्यापेक्षा किंचित मोठं कापलेलं असतं, कडेची शिवण खाली वळावी म्हणून. उलटवल्यावर हे गणित उलटं होतं आणि टोकं वर उचलली जातात. ओलसर कापड ठेवून, कडा बोटांनी नव्या दिशेला वळवत इस्त्री केली की बरीचशी बसतात. शंभर टक्के बसतीलच असं नाही. तिसरं, नवी बाजू उन्हात कमी निघालेली असल्यामुळे रंगाने जराशी गडद असते, चार-सहा धुण्यांत मिळून येते. ज्या कॉलरच्या मागे टोकं ताठ ठेवणाऱ्या काड्यांचे खिसे असतात, किंवा आतून वेगळ्या रंगाचं कापड लावलेलं असतं, ती उलटवू नका. आणि दोन्ही बाजू आरपार गेल्या असतील तर उलटवून काही होत नाही, नवी कॉलर घालावी लागते. शर्टाच्या खालच्या घेरातून किंवा मागच्या प्लीटमधून कधी कधी तेवढं कापड निघतं.

यावरून कळलं असेल की वेळ साधायची असते. भोक पडल्यावर शिवू, हा आळशीपणाच सगळ्यात महाग पडतो. दर दोन-तीन महिन्यांनी पँट आतून उलटी करून उजेडासमोर धरा. मांड्यांच्या मध्ये आजूबाजूपेक्षा जास्त उजेड येत असेल तर ते कापड आताच शिवायचं. त्यात अजून उभे-आडवे धागे शाबूत असतात, टाक्याला धरायला काहीतरी असतं. भोक पडलं की उरतात नुसते लोंबते धागे, मग कितीही चांगला रफू करा, तो कडेपासून सुटतो.

आतून ठिगळ लावायचं तर कापड तेवढ्याच जाडीचं, जुनं आणि मऊ घ्या. नवं कडक कापड लावलं की ते जुन्याला कडेला कापतं. विरलेल्या जागेच्या चारी बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर जास्त घ्या, कोपरे गोल कापा, कड दुमडू नका. मग धावदोऱ्याच्या समांतर ओळी घाला, पण प्रत्येक ओळ वेगळ्या लांबीवर संपवा. सगळ्या ओळी एका रेषेत संपल्या तर ताण तिथेच येतो आणि पुढच्या वेळी कापड नेमकं त्या रेषेवर फाटतं. दोऱ्याचं एक पक्कं लक्षात ठेवा: दोरा कापडापेक्षा मजबूत नको. जाड पॉलिस्टर दोरा तुटत नाही म्हणून लोक आवडीने वापरतात, आणि तोच विरलेलं सुती कापड चिरत जातो. सुताला सुती दोरा. तुटला तर पुन्हा टाका घालता येतो.

धुण्याबद्दल थोडक्यात, कारण मूळ गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. ड्रायरच्या जाळीत जमणारा भुसा म्हणजे तुमचाच कपडा. कपडे उलटे करून, चेन लावून, 30 अंशांच्या पाण्यात, छोट्या फेरीत धुवा आणि सावलीत वाळवा. पण न धुता महिनोन्महिने घालणंही चूक. धुळीचे बारीक कण धाग्यांत बसतात आणि चालताना आतल्या आत घासत राहतात. ओल्या सुताची ताकद वाढते, रेयॉनची मात्र जवळपास निम्मी होते, त्यामुळे रेयॉन पिळायचं नाही. एन्झाइमवाली पावडर लोकरीला आणि रेशमाला लावू नका, ती प्रथिनं खाते आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच आहेत. काखेतले पिवळे डाग घामाच्या जोडीला डिओमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे पडतात. क्लोरीनने ते आणखी पिवळे होतात. सुती कपडा असेल तर 40 अंशांच्या वरच्या पाण्यात लिटरला साधारण 10 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजनवालं ब्लीच) घालून तासभर भिजवा, आणि डाग जाईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नका.

ठेवताना कपडा धुतलेला आणि कोरडाठक्क हवा. सांडलेल्या सरबताचा न दिसणारा डाग कपाटात हळूहळू तपकिरी होतो, आणि लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्याही घाम-डागाच्या जागेपासूनच सुरुवात करतात. खळ काढून ठेवा, ती कसरीला आवडते. विणलेले स्वेटर टांगू नका, खांद्याला शिंगं येतात. घड्या दर काही महिन्यांनी दुसऱ्या रेषेवर घाला. लोकरीत कीड दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा.

जुनाट दिसतं का, याचं माझं उत्तर सरळ आहे: वयामुळे दिसत नाही. तुटलेलं बटण, ढिला पडलेला गळा, कापडावरचे गोळे आणि गुडघ्याचा पोक यांनी दिसतं, आणि हे नव्या कपड्यालाही वर्षभरात होतं. सुती-पॉलिस्टर मिश्रणावर गोळे हटत नाहीत, कारण सुताचे तंतू तुटतात आणि पॉलिस्टरचे त्यांना धरून ठेवतात. निव्वळ लोकरीवरचे बरेचसे आपणहून गळतात. रंग उडाला असेल तर मात्र मी काही सांगत नाही, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

आता जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते. वरचं सगळं सुती, लोकरी आणि लिननच्या कपड्यांसाठी आहे. चामड्यासारखं दिसणारं पॉलियुरेथेनचं जॅकेट हवेतल्या ओलाव्याने कपाटात पडल्या पडल्याही सोलतं, ते वाचवायच्या नादी लागू नका. इलॅस्टिकचंही तेच, पण ते नेफा उसवून बदलता येतं, म्हणून त्याच्यासाठी पँट टाकू नका. डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच घाला. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात ठेवू नका. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात.