अंडाशयात ४.५ सेंमीची गाठ निघाली आहे, ऑपरेशन कधी करावं?

ताई, तुमचं वय ३१, डाव्या अंडाशयात ४.५ सेंमीची गाठ, आणि घरचे म्हणतात "पिशवीच (गर्भाशयच) काढून टाक". माझ्यावरही हीच वेळ आली होती, म्हणून लिहिते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत ओटीपोट दुखून राहिलं, म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली. ४ सेंमीची गाठ निघाली आणि तिथल्या डॉक्टरांनी लगेच पिशवी काढायची तारीख दिली. माय म्हणाली, आधी सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात दाखव. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट वाचून समजावलं: पातळ भिंतीची, नुसती पाण्याची गाठ आहे, बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तर गाठ नव्हतीच! आणि गाठ अंडाशयात असताना गर्भाशय काढून काय होणार होतं? हे आठवलं की आजही जीव जळतो.

तुमच्या रिपोर्टमध्ये 'सिंपल सिस्ट' (म्हणजे माझ्यासारखी नुसती पाण्याची गाठ) लिहिलंय का ते बघा. आत घट्ट भाग किंवा जाड पडदे असतील, गाठ ७ सेंमीच्या वर असेल किंवा वाढत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. डर्मॉइड (आत चरबी, केस असलेली गाठ) जिरत नाही, पण तुमच्या वयात शक्यतो दुर्बिणीतून तेवढी गाठच काढतात, अंडाशय ठेवतात. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी थोडी वाढलेली दिसली म्हणून कॅन्सरच असं समजू नका, ती पाळीच्या दिवसांतही वाढते. पाळी कायमची गेलेल्या बाईची गाठ मात्र लहान असली तरी नीट तपासून घ्यावीच लागते.

एका बाबतीत अजिबात थांबू नका. माझ्या जावेला रात्री एका बाजूला अचानक असह्य कळ आली, उलट्या सुरू झाल्या. आम्ही ओवा दिला, पोट शेकलं, सकाळची वाट पाहिली. गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसला होता, रक्तपुरवठा तुटला होता. शेवटी ते अंडाशय काढावं लागलं. अशी कळ आली, सोबत उलट्या, ताप किंवा चक्कर असली, तर त्याच घडीला १०८ ला फोन करा. पाळी चुकलेली असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, कारण गर्भ नळीत राहिला तरी असंच दुखतं.

रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन'खाली जे लिहिलंय ते इथे जसंच्या तसं टाका. आणि दुखतं ते रोज की फक्त पाळीच्या आसपास, तेही कळवा.