मेंदू आधीच ठरवतो, तर माझ्या हातात काय उरते?

वडिलांचे व्यसन पाहत मोठी झालेली तरुण मुले समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा गाभा बहुधा एकच असतो: हे रक्तातूनच आले असेल, तर मी कितीही ठरवले तरी उपयोग काय? तिशीच्या आतल्या एका अभियंत्याने हाच प्रश्न अधिक धारदार करून विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील यकृताच्या आजाराने गेलेले, स्वतःचे लग्न ठरलेले, आणि महाविद्यालयात गंमत म्हणून सुरू झालेले पिणे आता दर शुक्रवारचे झालेले. "मॅडम, निर्णय आपण घेतो असे आपल्याला नुसते वाटते; मेंदूने तो आधीच घेतलेला असतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. मग होणाऱ्या बायकोला मी कोणत्या तोंडाने शब्द देऊ?"

त्यांनी वाचलेला प्रयोग अमेरिकी मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांचा, १९८३ सालचा. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि ती इच्छा नेमकी केव्हा जाणवली ते सांगायचे, एवढेच सहभागी व्यक्तींचे काम होते. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूतील विद्युत क्रिया वाढू लागलेली दिसली. इच्छेची जाणीव मात्र हालचालीच्या जेमतेम एक-पंचमांश सेकंद आधी झाली. इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे, असा अर्थ यातून अनेकांनी काढला. खुद्द लिबेट तेवढे पुढे गेले नव्हते. शेवटच्या क्षणी हालचाल रोखण्याची मुभा जाणिवेकडे उरते, असे त्यांचे मत होते. २०१२ मध्ये तर मेंदूसंशोधक आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मेंदूत सतत चालणाऱ्या यादृच्छिक (कोणत्याही ठरावीक क्रमाविना होणाऱ्या) चढउतारांतूनही विद्युत क्रियेचा तसाच चढता आलेख मिळू शकतो; म्हणजे ती वाढ हा आधीच झालेला निर्णय असेलच असे नाही. शिवाय मनगट आत्ता हलवावे की क्षणभराने, याला काही कारणच नसते. पिणे थांबवावे का, या प्रश्नामागे महिनोन्‌महिने चाललेली घालमेल असते.

आनुवंशिकतेची भीती मात्र निराधार नव्हती आणि ती तशी आहे असे मी त्यांना सांगितलेही नाही. दारूच्या व्यसनाच्या जोखमीत माणसामाणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे जुळ्यांवरील अभ्यास सांगतात. पण हा आकडा समूहातील फरकाचा आहे, एका माणसाच्या भविष्याचा नाही. व्यसनी पालकांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जण व्यसनी होत नाहीत.

यानंतर आम्ही मेंदूचा विषय बाजूला ठेवला आणि एक शुक्रवार तपासायला घेतला. दुपारचे जेवण बैठकीत बुडालेले. चारच्या सुमारास मित्रांच्या फोनवरील गटावर 'आज बसायचे का?' हा संदेश, त्याला सवयीने दिलेला होकार, रिकाम्या पोटी मित्राच्या गाडीतून निघणे आणि परतीची स्वतःची सोय नसणे. पेला समोर आल्यावर 'आज नको' म्हणण्याचा प्रयत्न ते करत आणि हरत. मग त्या हरण्यालाच ते आपल्या असहायतेचा पुरावा मानत. मला विचाराल तर रात्री नऊ वाजता त्यांच्याकडे स्वातंत्र्य फारच थोडे होते, दुपारी चार वाजता ते बरेच होते.

वर्तन परिस्थितीने घडते असे ठामपणे मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीही १९५३ च्या आपल्या ग्रंथात आत्मनियंत्रणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि त्यात सांगितलेले मार्ग याच धर्तीचे आहेत: ज्या परिस्थितीतून नकोसे वर्तन उपजते, ती आधीच बदलणे. कारणे मान्य केल्याने माणूस हतबल होतो, हा समज म्हणूनच मला अपुरा वाटतो. कारण ठाऊक झाले की हात कुठे घालायचा ते कळते.

दुसऱ्या बाजूची चूक घरात होती. "मनात आणले तर आजच सुटेल," असे आई म्हणत, आणि दर वेळी न सुटल्यावर मुलाच्या वाट्याला केवळ अपराधी भाव येई. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेच्या कार्यक्रमाची पहिली पायरी दारूपुढील हतबलता मान्य करण्याची आहे, हे ऐकून त्या काहीशा दुखावल्या. आपल्या पतीला आपण वर्षानुवर्षे नुसता निश्चय करायला सांगत आलो, हे त्यांना तेव्हा जाणवले असावे.

पुढच्या भेटींत शुक्रवारचे जेवण वेळेवर होऊ लागले, संदेशाला उत्तर देण्याआधी होणाऱ्या पत्नीला फोन करायचा असे दोघांनी मिळून ठरवले, आणि येण्याजाण्यासाठी स्वतःची दुचाकी आली. मधे एकदा घसरण झाली. तेव्हा "मेंदूनेच ठरवले" असे न म्हणता, त्या दिवशी साखळीतला कोणता दुवा सुटला ते त्यांनी स्वतःच लिहून आणले. वचनाऐवजी त्यांनी पत्नीला ती वहीच दाखवली.

त्यांचे पिणे रोजचे नव्हते, म्हणून एवढ्यावर भागले. ज्यांना सकाळी न प्यायल्यास हात थरथरणे, घाम येणे किंवा भास होणे असा त्रास होतो, त्यांनी समुपदेशनाच्या भरवशावर अचानक दारू बंद करू नये. त्यात जिवाला धोका असू शकतो. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.