आईच्या विसरण्याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नकोस

तुझा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी उठून परत एकदा वाचला. आई 72 वर्षांच्या, वर्षभरात विसरायला लागल्यात, तीनदा कुकर करपला, विचारलं एक की उत्तर भलतंच देतात, भजनी मंडळाला जाणं बंद केलं, आणि घरात सगळ्यांचं एकच की वय झालं आता, त्यांना स्वयंपाकघरातून मोकळं करा, पडू दे निवांत. मी 67 ची आहे, सासूबाई आणि आई दोघींचं मिळून अकरा वर्षं केलंय, म्हणून तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी सांगते, त्यांना स्वयंपाकघरातून काढू नका. निदान आत्ता लगेच तरी नको.

माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. पन्नास वर्षं वरणभाताचा कुकर लावलेली बाई, आणि एका पावसाळ्यात तीनदा डाळ करपली. भावाने ठरवून टाकलं की आई विसरते, आता गॅसला हात लावायचा नाही. आई काही बोलली नाही, खोलीत जाऊन बसायला लागली. मी चार दिवस राहायला गेले होते तेव्हा मुद्दाम म्हटलं, आज तू लाव कुकर. ती ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी, मी दारात. पहिली शिट्टी झाली, तिचे हात तसेच चालू. दुसरी झाली, मान पण हलली नाही. तिसऱ्या वेळी समोरच्या टाइल्सवर वाफ आलेली तिला दिसली आणि मला म्हणाली, 'एक झाली बघ.' मला तिथेच रडू आलं. ती काहीच विसरत नव्हती गं, तिला शिट्टी ऐकूच येत नव्हती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला वेड्यात काढलं होतं.

वयाबरोबर ऐकू कमी यायला लागतं ना, तेव्हा आधी बारीक आणि उंच पट्टीतले आवाज जातात. कुकरची शिट्टी, मोबाईलची रिंग, लहान पोरांचं बोलणं, आणि बोलण्यातले स, श, फ असे आवाज. म्हणजे माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही, म्हणून ते म्हणतात की तुम्ही सगळे पुटपुटता. मग ते अंदाजाने उत्तर देतात आणि आपण म्हणतो भलतंच बोलतात. आपण ओरडून सांगतो, त्यांना वाटतं आपण खेकसतोय, हळूहळू बोलणंच बंद होतं. आणि हे नुसतं गैरसोयीचं नाहीये. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या समितीने डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या 14 गोष्टींची यादी काढली, ज्यावर आपण काहीतरी करू शकतो अशा, त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे, बीपी, शुगर, डिप्रेशन, एकटेपणा हे पण आहे. त्यांचं म्हणणं असं की या सगळ्या सांभाळल्या तर साधारण 45 टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येण्यासारख्या आहेत. म्हणजे निम्म्याच्या जवळपास. आणि आपण म्हणतो वय झालं.

कानाचं मशीन लावायला माझी आई तयार नव्हती. लावल्यावर पहिले आठ दिवस भांड्यांचा आवाज सहन होईना, काढून डबीत ठेवायची. आम्ही दोन वेळा जाऊन सेटिंग बदलून आणलं, रोज एक तास, मग दोन तास असं करत दीड महिन्याने सवय झाली. पहिल्याच आठवड्यात 'नको मला' म्हटलं म्हणून पैसे वाया गेले असं समजू नका, मेंदूला पण वेळ लागतो.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. त्या 78 च्या होत्या. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, ह्यांचं ताट वाढ. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. आदल्या दिवसापर्यंत बाई ठणठणीत. ज्यांच्याकडे नेहमी जायचो त्या डॉक्टरांनी हातही न लावता सांगितलं, या वयात होतं असं, आता सवय करून घ्या. नणंद अडून बसली की रक्त तपासाच. रक्तातलं सोडियम 118 निघालं, म्हणजे फारच कमी. बीपीची गोळी लघवी जास्त होणारी, त्यात आम्ही प्रेमाने मीठ जवळजवळ बंदच केलेलं. दवाखान्यात ठेवून हळूहळू वर आणलं आणि चौथ्या दिवशी मला विचारतात, भाजीवाल्याचे पैसे दिलेस का. हे म्हणून लक्षात ठेव, विसरणं वर्ष-दोन वर्षं हळूहळू वाढत गेलं तर वेगळा विचार, पण एक-दोन दिवसांत माणूस गोंधळला, दिवस-रात्र कळेना, असंबद्ध बोलायला लागला, तर ते म्हातारपण नसतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. सोडियम असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, न्यूमोनिया असेल, नवीन सुरू केलेली एखादी गोळी असेल.

तू लिहिलंयस की आईंना शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मग व्हिटॅमिन बी12 लगेच तपासून घे. त्या गोळीने बी12 शोषलं जाणं कमी होतं, ॲसिडिटीची गोळी पण वर्षानुवर्षं चालू असेल तर अजून कमी. पायाला मुंग्या, जिभेची आग, विसरणं, उदास वाटणं हे सगळं त्यातून येऊ शकतं. सोबत थायरॉईड, हिमोग्लोबिन, सोडियम. आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा, चिठ्ठी नको, खऱ्या स्ट्रिप्स. झोपेची गोळी असेल तर ती विसरायलाही लावते आणि रात्री बाथरूमला उठताना तोलही घालवते. फक्त ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने वेगळाच त्रास होतो, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

आता भजनी मंडळ. तू लिहिलंस की 'आता आवड राहिली नाही म्हणते'. एकदा विचार, पण एकटीला, भाऊ-वहिनी समोर असताना नको. आमच्या ओळखीत किती बायका आहेत ज्या खोकलं की, हसलं की, जिना चढलं की थेंब जातो म्हणून बाहेर पडायच्याच बंद झाल्या. पाणी पिणं कमी करतात, मग इन्फेक्शन, मग अजून त्रास. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला हे वाटतं की चालायचंच, कुणाला सांगायचं. अगं याला व्यायाम आहे, लघवी रोखल्यासारखं आत आवळून धरायचं आणि सोडायचं, फिजिओथेरपिस्ट नीट शिकवतात, काही महिने चिकाटीने केलं की पुष्कळ जणींना फरक पडतो. शुगर वाढलेली असली तरी असं होतं. आणि हे नसलं तर मग मनाकडे बघ. तुझे बाबा जाऊन तीनच वर्षं झालीत. म्हातारपणी माणूस उदासच असतो हा आपला सगळ्यात वाईट गैरसमज आहे, उदासपण हा या वयातही आजारच असतो आणि औषधाने, बोलण्याने बरा होतो.

आरामाबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना पाणी हातात द्यायचं, उठू द्यायचं नाही, याला सेवा म्हणतात. पण न वापरलेला स्नायू फार पटकन जातो. 2007 मध्ये एक अभ्यास आला होता, धडधाकट वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस बेडवर झोपवून ठेवलं तर पायांचं जवळपास एक किलो मांस गेलं. आणि याच्या उलट, 1990 मध्ये बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, ज्यांनी पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! सासूबाईंना आम्ही 80 नंतर सुरू केलं. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी बांधून उठायचं-बसायचं. पहिल्या दिवशी दोनदा जमलं, तेही माझा हात धरून. चार महिन्यांनी बारा वेळा. त्यासोबत खाणं पण बघ, चहा-खारी आणि एक पोळी यावर स्नायू बनत नाही, दोन्ही जेवणात वाटीभर दाट वरण किंवा उसळ, दही, पनीर असं काहीतरी हवंच. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून.

'साठी बुद्धी नाठी' म्हणतात ते मला कधीच पटलं नाही. नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला सापडत नाही, नवीन ॲप शिकायला वेळ लागतो, हे होतं, मलाही होतं. पण शब्दसंपत्ती, माणसांची पारख, हिशोबातला अनुभव हे पुष्कळ जणांचं सत्तरीतही शाबूत असतं. खरी काळजी कधी करायची, तर रोजच्या रस्त्यावर घर सापडेना, पैशांचे व्यवहार अचानक चुकायला लागले, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा, चष्मा कशासाठी असतो हेच कळेना. असं असेल तर मेमरी क्लिनिक किंवा न्यूरोलॉजिस्ट, वेळ घालवू नकोस. पण तेव्हाही तो आजार आहे, वय नाही.

या आठवड्यात एवढंच कर. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ तपासून घे, कधी कधी नुसता मळच असतो, मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी. रक्ताच्या टेस्ट त्याच दिवशी. मोतीबिंदू असेल तर 'पिकल्यावर बघू' म्हणून थांबू नका, ती जुनी गोष्ट झाली. आणि तोवर कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावू नकोस, एक टायमर आण मोठ्या आकड्यांचा, वाजल्यावर दिवा पण लागतो असा मिळाला तर उत्तम, आणि कुकर त्यांनाच लावू दे. माझी आई 84 व्या वर्षापर्यंत लावत होती. रिपोर्ट आले की इथे लिही, सोडियम आणि बी12 चे आकडे नक्की लिही.