लिंकनला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देणारे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस कोण होते?

डेव्हिस यांचा जन्म १८१५ चा, मेरीलँडमधला. येलमध्ये कायदा शिकून ते इलिनॉयच्या ब्लूमिंग्टनला वकिली करायला आले, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १८४८ मध्ये आठव्या सर्किटचे, म्हणजे अनेक गावांत फिरून खटले चालवायच्या न्यायालयीन विभागाचे, न्यायाधीश झाले.

त्या काळी न्यायाधीश आणि वकील बरोबरच गावोगाव फिरायचे, एकाच खानावळीत मुक्काम करायचे. वकिलांना एका खाटेवर दोघं-दोघं झोपावं लागे. डेव्हिस यांचा देह मात्र एवढा अवाढव्य, जवळपास १३५ किलोंचा, की त्यांना अख्खी खाट मिळायची! त्याच ताफ्यात अब्राहम लिंकनही असायचे. या फिरस्तीतच दोघांची मैत्री जुळली. पुढे रिपब्लिकन पक्षाच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात एकेक प्रतिनिधी वळवत डेव्हिस यांनी मित्राला उमेदवारी मिळवून दिली. लिंकननी त्यांना १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमलं.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १८६६ चा मिलिगन खटला. लॅम्डिन मिलिगन हा इंडियानाचा साधा नागरिक. लष्करी आयोगाने, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या न्यायमंडळाने, त्याला फाशी सुनावली होती. नागरी न्यायालयं चालू असताना सैनिक नसलेल्या माणसावर असा खटला चालवता येत नाही, हे डेव्हिस यांनी निकालपत्रात ठणकावून लिहिलं. आयोग नेमला होता लिंकन सरकारच्याच काळात, तरी त्यांनी मैत्री आड येऊ दिली नाही.

१८७७ मध्ये न्यायालय सोडून ते सिनेटर झाले. १८८६ मध्ये ब्लूमिंग्टनलाच वारले.