टीनएजर स्केटबोर्डरची फिगर: चेहरा हलका ठेव, झीज बुटांवर आणि बोर्डवर दाखव

तुझ्या फिगरचे फोटो नीट झूम करून बघितले. ७५ मिमीची रेझिन फिगर, हुडी आणि ढगळ जीन्स घातलेलं पोरगं, उजव्या पायाने बोर्डची टेल (मागचं वर वळलेलं टोक) दाबून धरलीय आणि पुढचं टोक वर आलंय. तुझे प्रश्न दोन, की चेहरा पंधरा-सोळाचा न वाटता तिशीतला का वाटतोय, आणि सगळं नीट रंगवूनही बोर्ड प्लास्टिकच्या खेळण्यासारखा का दिसतोय. दोन्हीचं उत्तर माझ्या मते एकच आहे. चेहऱ्यावर काम जास्त झालंय आणि बोर्ड-बुटांवर कमी. एवढ्या कोवळ्या वयात चेहऱ्यावर काहीच उमटलेलं नसतं, पोरगं स्केटिंग करतं हे कळतं ते बुटांवरून आणि बोर्डवरून.

आधी चेहरा. तू बेस कोट मारून वर ब्राऊन वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोडलायस, सैनिकांच्या फिगर रंगवताना करतात तसा. वॉश खाचेत जाऊन बसतो, म्हणजे नाकाच्या बाजूने ओठांकडे येणारी रेघ, डोळ्यांखालचा खड्डा, कपाळ, सगळं गडद होतं आणि वय तिथेच वाढतं. त्यामुळे या चेहऱ्यावर वॉश नकोच. बेसचाच रंग थोडा गडद करून, भरपूर पाणी घालून, ग्लेझ (पारदर्शक पातळ थर) म्हणून फक्त हनुवटीखाली, केसांच्या कडेला आणि कानामागे दे. नाकापासून ओठांकडे जाणारी घडी मूर्तिकाराने कोरलेली असली तरी तू ती रंगाने उचलू नकोस, उलट तिथे बेसचाच पातळ हात फिरवून ती बुजव. गाल भरलेले आणि सपाट दिसले पाहिजेत, गालाच्या हाडाखाली सावली टाकलीस की पोरगं लगेच मोठं होतं. जबड्याला निळसर-करडी छटा दिलीयस ती तर आधी काढ, ती दाढीची आहे. त्याऐवजी नाकाचा शेंडा, गाल आणि कानांच्या पाळ्या इथे अगदी पातळ लालसर ग्लेझ दे, उन्हात तास न् तास खेळलेल्या पोराचा चेहरा असाच तापलेला असतो.

तुला हे पोरगं आपल्याकडचं दाखवायचंय म्हणून स्किनबद्दल थोडं. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा असा बेस धर. सावलीसाठी त्यात बर्न्ट अंबर आणि किंचित गडद लाल घाल, काळा अजिबात नको, काळ्याने कातडी मळकट दिसते. हायलाइटला नुसता पांढरा वाढवत गेलास तर चेहऱ्याला पावडर लावल्यासारखं होतं, म्हणून पांढऱ्याबरोबर ऑकर किंवा थोडा नारिंगी घेतच राहा. डोळे शुद्ध पांढरे करू नकोस, करडट क्रीम घे, बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं ठेव आणि गडद रेघ फक्त वरच्या पापणीला दे. बुबुळाभोवती सगळीकडून पांढरं दिसलं की पोरगं घाबरलेलं वाटतं.

रेफरन्स हवा असेल तर टोकियो ऑलिंपिकचे महिला स्ट्रीट स्केटबोर्डिंगचे पोडियमवरचे फोटो काढून बघ. ते २०२१ मध्ये झालं, गोल्डवाली मोमिजी निशिया १३ वर्षांची, सिल्व्हरवाली रायसा लील पण १३ आणि ब्राँझवाली फुना नाकायामा १६. तिघींच्या चेहऱ्यावर सावल्या किती कमी आणि किती मऊ आहेत ते बघ. मुलगा रंगवायचा असला तरी या वयाची कातडी कशी दिसते ते त्यातून कळतं.

आता बोर्ड, आणि खरी मजा इथे आहे. खरा डेक (बोर्डची लाकडी फळी) साधारण ३२ इंच लांब आणि ८ इंच रुंद, मेपलचे ७ पातळ थर चिकटवून केलेला. तुझ्या फिगरच्या १/२४ स्केलला तो जवळपास ३४ मिमी लांब, साडेआठ मिमी रुंद आणि जाडीला जेमतेम अर्धा मिमी येतो, म्हणजे कडेला सातही थर दाखवायच्या नादाला लागू नकोस. लाकडाच्या रंगावर मधोमध एकच बारीक रेघ दे, लाल किंवा निळी, कारण बऱ्याच डेकमध्ये एखाददुसरा थर रंगीत असतोच. तेवढ्याने डोळ्याला कळतं की हे लाकूड आहे.

पोजमुळे एक गोष्ट घडते ती लक्षात घे. टेल दाबून पुढचं टोक वर आलं की ग्रिप टेपची (पाय घसरू नये म्हणून वर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीची) बाजू पोराकडे वळते आणि समोरून बघणाऱ्याला बोर्डचं पोट, म्हणजे खालची बाजू, दिसतं. म्हणजे तुझ्या फिगरचा सगळ्यात मोठा रंगीत भाग ते पोट आहे आणि तू ते चकचकीत नवंकोरं ठेवलंयस. त्यावरचं चित्र आधी पूर्ण रंगव, साधं ठेव, दोन-तीन रंगांत, आणि मग ते खरवड. पण कुठेही नाही. रेलिंगवर बोर्ड आडवा घालून घसरतात तेव्हा दोन ट्रकच्या (चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडणीच्या) मधला भाग घासला जातो, म्हणून तिथले ओरखडे या कडेपासून त्या कडेकडे, रुंदीच्या दिशेने हवेत. उभे, लांबीच्या दिशेने मारलेस तर ज्याने कधी स्केट केलंय त्याला ते लगेच खटकेल. बारीक ब्रशने आधी फिकट लाकडाचा रंग, मग काही ओरखड्यांच्या खालच्या कडेला गडद ब्राऊनची केसासारखी रेघ. टेलचं टोक तर जमिनीवर आपटून आपटून झिजतं, तिथला रंग पूर्ण उडव आणि कड थोडी फाइलने सपाट कर. रेझिन घासताना पाण्यात भिजवून घास आणि मास्क लाव, ती धूळ फुफ्फुसात जायला नको.

ट्रकना गडद स्टील रंग दे आणि हँगरच्या (ट्रकच्या आडव्या भागाच्या) मधोमध, जिथे कठड्यावर घासतात तिथे, चमकदार सिल्व्हर, कारण तिथे आतलं अॅल्युमिनियम उघडं पडतं. चाकं युरेथेनची, त्यामुळे ती पांढरी नकोत, किंचित पिवळट पांढरी, आणि जमिनीला टेकणारा भाग मातकट करडा. ग्रिप टेप म्हणजे जवळजवळ सँडपेपरच, तेव्हा गडद करड्यावर स्पंजने काळा टिपत जा आणि जिथे पाय पडतात तिथे, म्हणजे टेलवर आणि पुढच्या बोल्टच्या मागे, थोडा धुरकट करडा.

बुटांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. उजवा पाय टेलवर आहे म्हणजे हे पोरगं रेग्युलर, डावा पाय पुढे ठेवणारं. ऑली (हात न लावता बोर्डसकट उडी) मारताना मागचा पाय टेल आपटतो आणि पुढचा पाय त्या सँडपेपरवरून घासत वर जातो. म्हणून भोक पडतं ते डाव्या बुटाला, बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या शेजारी, आणि तिथल्या लेसही तुटतात. डाव्या बुटावर त्या जागी फिकट, केसाळ पॅच दे, मधे एक गडद ठिपका, आणि जवळच्या लेसचं एक टोक लोंबतं ठेव. उजवा बूट त्यामानाने बरा. दोन्ही बूट सारखेच मळवलेस तर ते नुसते जुने बूट होतात. (कोणी सत्तरच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं पोरगं रंगवत असेल, १९७६-७७ च्या दुष्काळात रिकाम्या पडलेल्या स्विमिंग पूलमध्ये स्केट करणारं, तर त्याच्या बुटाला हे भोक देऊ नका. कारण तेव्हा ऑली आलेलीच नव्हती: स्केटर ॲलन गेल्फंडची ऑली १९७८ च्या सुमाराची, तीही पूलमधली, आणि सपाट जमिनीवरची ऑली स्केटर रॉडनी मलनने ८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली.)

जीन्सवर वेळ घालवू नकोस, गडद निळ्यावर करडट निळ्याने तिरकं स्टिपलिंग (ब्रशच्या टोकाने ठिपके देणं), गुडघे फिकट, आणि टाचेखाली येणारी मागची कड मळलेली आणि फाटकी, बस. हुडीचे हायलाइट रुंद आणि मऊ ठेव, सुती कापडावर धारदार रेघा शोभत नाहीत.

चेहरा परत करायचा तर मानेच्या वरचा तेवढाच रंग काढून टाक, आणि सध्या पाऊस चालू असेल तर स्प्रे प्रायमर (रंगाच्या आधीचा थर) मारू नकोस, दमट हवेत तो खरखरीत बसतो आणि कोवळ्या चेहऱ्यावर ते दाणे सगळ्यात आधी दिसतात. ब्रशने लावायचा प्रायमर दोन पातळ हातांत लाव. वार्निश सगळीकडे मॅट, फक्त चाकांवर आणि बोर्डच्या पोटावर जिथे चित्र अजून शाबूत आहे तिथे सॅटिन (अर्धवट चमक), म्हणजे खरवडलेला भाग आपोआप वेगळा उठून दिसेल. वार्निशच्या आधी डाव्या बुटाचा जवळून एक फोटो टाक, कमी-जास्त वाटलं तर तेव्हा दुरुस्त करणं सोपं जातं.