व्हीआरएसचे 24 लाख नेमके कशाच्या बदल्यात?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 47. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत 23 वर्षं परमनंट, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) सेटर, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारे. स्लिपवर पगार 52,000, पतसंस्थेचा हप्ता कापून हातात 41,000. कंपनीत कायम कामगार 210, ठेकेदाराची माणसं वेगळी. कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, लावली आहे: 24 लाख रुपये, ग्रॅच्युइटी वेगळी, फॉर्म महिनाअखेरपर्यंत भरायचा, 31 मार्चला रिलीव्ह. युनियनबरोबरचा पगाराचा करार संपून वर्ष होऊन गेलं, नवा अजून अडकलेला. गेट मीटिंगमध्ये युनियनने सांगितलं, कोणी सही करू नका. मेहुणे म्हणतात, पैसे घे, अंबडलाच गाळा घेऊ, दोन जुनी सीएनसी टाकू, 18 लाखांत काम होतंय. सिडकोतल्या घराचं 6 लाख 20 हजार कर्ज बाकी, मुलगी बारावीला, पत्नीला शुगर. "सही करू की नको?" एवढाच प्रश्न.

नमस्कार. तुमच्या पत्रात एक हिशेब आहे: 52 हजार गुणिले 58 पर्यंत उरलेले 132 महिने, म्हणजे 68 लाखांच्या पुढे, आणि कंपनी 24 लाखांत गुंडाळते आहे. हिशेब बरोबर आहे, पण तो धरून निर्णय घेऊ नका. ती 68 लाखांची रक्कम तुम्हाला कोणी लिहून दिलेली नाही. व्हीआरएस नाकारली आणि पुढे कंपनीने तुमची लाइन बंद केली, तर हातात काय पडेल, याच्याशी 24 लाखांची तुलना करायची.

आणि इथेच नियम बदलले आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याआधी 100 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपात करायची किंवा कारखाना बंद करायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागायची. ती मिळवणं कटकटीचं होतं, म्हणूनच कंपन्या व्हीआरएसची थैली मोकळी करत. आपल्याकडे सातपूर-अंबडला वर्षानुवर्षं ज्या घसघशीत व्हीआरएस ऐकल्या, त्यामागे कंपनीच्या दिलदारपणापेक्षा ही अडचण जास्त होती, आणि ती अडचण टिकवून धरणारी युनियन होती. आता परवानगीची मर्यादा 300 कामगारांवर गेली. तुम्ही 210. ठेकेदाराची माणसं मोजायची का, यावर युनियन भांडेल आणि भांडावंच, पण त्या भांडणाच्या निकालावर घराचा हप्ता ठेवू नका.

परवानगी न लागता कपात झाली तर कायद्याने काय मिळतं? प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांचं वेतन, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकता यावं म्हणून) आणखी 15 दिवसांचं वेतन. आता तुमची स्लिप समोर ठेवा. बेसिक आणि डीए मिळून 21,000. बाकी 31,000 घरभाडं, कन्व्हेयन्स, असे भत्ते. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे तुमचं वेतन 26,000. त्यावर 15 दिवस, महिना 26 दिवसांचा धरला तर, 15,000. गुणिले 23, म्हणजे 3 लाख 45 हजार. कपातीत साधारण एवढंच, फार तर थोडं वर. 24 लाखांसमोर 24 लाखांच्या सातव्या हिश्श्याइतकी रक्कम.

ग्रॅच्युइटीचंही हेच सूत्र, पण ती राहिलात तरी मिळणार आणि गेलात तरी, म्हणून तुलनेत धरू नका. एक मात्र एचआरला आत्ताच लेखी विचारा: हिशेबाच्या कागदावर ग्रॅच्युइटी 21,000 वर काढली की 26,000 वर? जुन्या पद्धतीने ती 2 लाख 79 हजारांच्या आसपास बसते, नव्याने 3 लाख 45 हजार. सही झाल्यावर हे 66 हजार मागायला गेलात तर वर्षभर हेलपाटे मारावे लागतील.

आता खरं गणित. तुम्ही लिहिता, बाहेर सेटरला 25 हजारांच्या वर कोणी देत नाही. म्हणजे बाहेर पडलात की महिन्याला 27 हजारांचा खड्डा. 24 लाखांतून साधारण अडीच लाख कर वजा करा, आणि थांबला असतात आणि कपात झाली असती तरी मिळाले असते ते साडेतीन लाख वजा करा. उरले 18 लाख. ते 27 हजारांचा खड्डा साडेपाच वर्षं भरतात. नवी नोकरी मिळेपर्यंत काही महिने घरी गेले तर पाच. व्याज आणि पगारवाढ मी दोन्ही बाजूंनी सोडून दिली आहे, ती बऱ्यापैकी एकमेकांत मिटते. प्रश्न आता असा उरतो: तुमची लाइन अजून पाच वर्षं चालेल का? चालणार असेल तर थांबा. नसेल तर सही करा.

याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. पत्राच्या शेवटी, जणू सहज, तुम्ही लिहिलंत की लाइनवरचं शेवटचं नवं मशीन 2019 ला आलं, बीएस-6 या प्रदूषण निकषांच्या तयारीत. पाचपैकी दोन सेल (मशीनचे गट) गेल्या दिवाळीनंतर कंपनीच्या गुजरातच्या प्लांटला गेले. आणि माल मुख्यतः डिझेल कारच्या इंजेक्टरचा. पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मजकूर हाच. ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी डिझेल अजून बरीच वर्षं राहील, पण कारमध्ये ते आक्रसतं आहे आणि इलेक्ट्रिक गाडीला इंजेक्टर लागतच नाही. ज्या लाइनमध्ये कंपनी सात वर्षं पैसा घालत नाही, तिच्याकडून पाच वर्षांची हमी मी धरणार नाही. तरी फॉर्म भरण्याआधी क्वालिटीतल्या माणसाला गाठा आणि विचारा, तुमच्या सेलवर नव्या पार्टचे सॅम्पल लॉट लागले आहेत का. लागले असतील तर ग्राहकाने पुढच्या काही वर्षांचं काम तिथे ठेवलं आहे, आणि मग माझं मत बदलेल.

"नंतर आलेला आधी जाणार" हा नियम नव्या संहितेतही आहे आणि 23 वर्षांची ज्येष्ठता तुमच्या बाजूने आहे. पण तो एकाच प्रकारच्या कामातल्या माणसांमध्ये चालतो. पूर्ण कामच गुंडाळलं तर ज्येष्ठता फारशी कामाला येत नाही.

युनियनबद्दल. ती चुकीचं सांगते आहे असं मला वाटत नाही. 210 मधले 60 जण गेले तर उरलेल्यांचा करार आणखी पातळ होईल, हे तिला दिसतं. शिवाय संपाची नोटीस आता सगळ्या कारखान्यांत 14 दिवस आधी द्यावी लागते, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संप धरला जातो, त्यामुळे दबाव आणायची जुनी हत्यारं बोथट झाली आहेत. युनियन 210 घरांचा हिशेब मांडते, तुम्हाला एका घराचा मांडायचा आहे. पण फॉर्म गुपचूप भरू नका. कमिटीच्या माणसाबरोबर बसा, कारण दोन गोष्टी तीच पदरात पाडून देऊ शकते. पहिली, व्हीआरएसच्या पत्रात एक ओळ: करार मागच्या तारखेपासून झाला, तर तुम्ही काम केलेल्या काळाचा फरक तुम्हालाही मिळेल. ती ओळ नसेल तर तुमच्या वर्षभराची थकबाकी पाण्यात. दुसरी, रिलीव्हिंगची तारीख.

ही तारीख लाखाच्या घरातली आहे. व्हीआरएसच्या रकमेतले 5 लाख करमुक्त, आयुष्यात एकदाच. बाकीचे 19 लाख त्या वर्षाच्या उत्पन्नात. 31 मार्चला सुटलात तर वर्षभराच्या पगारावर हे 19 लाख चढतात आणि नव्या करप्रणालीत कर सव्वातीन लाखांच्या आसपास जातो. एप्रिल संपताना सुटलात तर पुढच्या वर्षात पगार एकाच महिन्याचा, कर पावणेदोन लाखांच्या थोडा वर. लगेच दुसरी नोकरी धरलीत तर हा फायदा साधारण निम्म्यावर येतो, तरी सोडण्यासारखा नाही. 5 लाखांच्या सवलतीसाठी योजना आयकर नियमांत बसावी लागते: वय 40 किंवा 10 वर्षं सेवा, रिकामी जागा पुन्हा भरायची नाही, आणि तुम्ही त्याच मॅनेजमेंटच्या दुसऱ्या कंपनीत लागायचं नाही. योजना या नियमांनुसार आहे, असं पत्रात लिहून घ्या.

"थांबलो तर पुढच्या वेळी रक्कम वाढेल" असं तुमचे काही सहकारी म्हणतात. पूर्वी मी ही शक्यता गंभीरपणे धरली असती. परवानगीची सक्ती 300 खालच्या कारखान्यांना राहिली नसताना दुसरी फेरी जास्त गोड असेल, यावर मी पैज लावणार नाही.

मेहुण्यांच्या गाळ्याला मात्र माझा साफ नकार आहे. त्यांनी तासाला 400 रुपये दर आणि रोज आठ तास भरलेली मशीन धरली आहेत. जुनी मशीन, एकच ग्राहक, आणि तो ग्राहक म्हणजे तुमचीच कंपनी! काम संपतंय म्हणून ती तुम्हाला घरी पाठवते आणि तुम्ही तेच काम गाळ्यात घेऊन बसणार. काम संपत नसून बाहेर जातंय, असं मेहुण्यांचं म्हणणं असेल, तर त्यांनी आधी कंपनीकडून वर्षभराचं लेखी शेड्यूल आणावं. ते आलं तर एक मशीन, तेही भाड्याच्या गाळ्यात, आणि निम्मे पैसे मेहुण्यांचे. नात्यात व्यवहार तोंडी नको.

एकूण, सॅम्पल लॉटचं उत्तर "नाही" आलं तर मी तुमच्या जागी सही करीन. कर वजा जाता आणि ग्रॅच्युइटी धरून हातात 25 लाखांच्या आसपास येतील. त्यातून आधी घराचं कर्ज फेडा, कारण 25 हजारांच्या पगारात हप्ता नसणं हाच मोठा आधार. 9 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, सध्याच्या 7.4 टक्क्यांनी महिन्याला 5,550. चारेक लाख मुलीच्या फीसाठी आणि अडीअडचणीला एफडीत. उरलेले घाई न करता हायब्रीड (शेअर आणि रोखे मिसळलेल्या) फंडात, वर्षभरात टप्प्याटप्प्याने. वरिष्ठ नागरिक बचत योजना तुमच्या वयाला मिळत नाही. पैसे खात्यात पडले की बँकेतला मुलगा विम्याची "गॅरंटीड" योजना घेऊन येईल. त्याला चहा पाजा आणि पाठवा. पीएफला हात लावू नका. पेन्शनसाठी नोकरीची वर्षं जमा धरणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या आणि 58 पर्यंत थांबा. 50 नंतर आधी उचलता येते, पण जितकी वर्षं आधी तितकी वर्षाला 4 टक्के कमी होते.

कंपनीचा मेडिक्लेम रिलीव्ह झालात की संपेल. पत्नीची शुगर लपवू नका, आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून स्वतःची पॉलिसी सहीच्या आधी काढा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही.

शेवटचं, पतसंस्था. तुमचं स्वतःचं कर्ज हिशेबातून कापतील हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही किती जणांना जामीन आहात, हे पत्रात नाही. त्यांच्यातलेही काही व्हीआरएस घेऊन निघाले आणि हप्ते थकले, तर संस्था जामिनाकडे येते आणि तुमचे शेअर्स अडकवते. या आठवड्यात संस्थेत जाऊन खाती बघा, शक्य तिथे जामीन बदलून घ्या आणि बेबाकीचा दाखला रिलीव्हिंगच्या आधी हातात ठेवा.