तत्त्वज्ञानाच्या एमएसाठी द्राक्षबाग विकावी का?

सांगलीहून एका वडिलांनी विचारलंय. साखर कारखान्यात नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं. लेक भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली आणि आता तिला काळाचं तत्त्वज्ञान शिकायचंय. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची एक वर्षाच्या एमएची ऑफर आलीय, खर्च ३० लाख. घरात मुदत ठेवी १८ लाखांच्या आणि तासगावला एकरभर द्राक्षबाग. ठेवी मोडून बाग विकावी, की बाग तारण ठेवून कर्ज काढावं? सोबत वहीच्या पानावर मांडलेला हिशेब आहे. त्यात व्हिसाच्या फीपर्यंत सगळं लिहिलंय. ‘नोकरी’पुढे मात्र नुसतं प्रश्नचिन्ह.

नमस्कार. ‘घड्याळात काय शिकायचं?’ असं पाहुणे विचारतात म्हणता, त्यांचं मनावर घेऊ नका. केंब्रिजच्या मॅकटॅगार्ट या तत्त्वज्ञानं १९०८ मध्ये काळ खरा नाहीच असा युक्तिवाद मांडला. घटना आधी भविष्यात असते, मग वर्तमानात येते, मग भूतकाळात जाते, या आपल्या रोजच्या समजुतीतच त्यानं विसंगती दाखवली. त्यावर आजही वाद चालू आहे. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेनंतर तर ‘आत्ता’ सगळ्यांचा एकच असतो हेही धरून चालता येत नाही. म्हणजे भौतिकशास्त्राची मुलगी या विषयात परकी नाही. आणि आमच्या आर्थिक सल्ल्याच्या धंद्याचाही याच्याशी संबंध आहे: केंब्रिजच्याच फ्रँक रॅमसे या गणितज्ञानं १९२८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, देशानं बचत किती करावी याचं गणित मांडलं. पुढचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी लेखणं त्याला नैतिकदृष्ट्या चूक वाटत होतं. लोक मात्र तसंच करतात, म्हणून तर आम्हाला काम मिळतं.

विषय चांगला आहे. पैशाची वाट मला पटत नाही.

३० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी धरा. शिक्षणाचं एक वर्ष आणि हप्ते सुरू होण्याआधी सवलतीचं एक वर्ष, दोन्हींचं साधं व्याज ६ लाख. ३६ लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साडेसत्तेचाळीस हजारांच्या घरात. आता दुसरी बाजू बघा. या विषयात नुसत्या एमएवर सहसा नोकरी लागत नाही, बहुतेकदा पुढे पीएचडी करावी लागते. भारतात नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं. हप्ताच त्याहून मोठा! म्हणजे तो तुमच्याच गळ्यात, आणि तेव्हा तुमचा पगार थांबलेला असेल. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन साडेसात हजारांच्या पुढे क्वचितच जाते.

ठेवी मोडल्या तर? १८ लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला साडेदहा हजार येतात. निवृत्तीनंतर तेच तुमचं दूध, किराणा, औषध. त्यांना हात लावू नका. बागेचं सांगायचं तर एकदा विकलेली जमीन त्या भावात परत मिळत नाही, हे तासगावात मी वेगळं सांगायला नको.

या विषयात चांगल्या विद्यार्थ्याला विद्यापीठच पैसे देतं, विशेषतः पीएचडीला. स्वतःच्या खिशातून भरलेल्या एका वर्षानं ती रांग फारशी पुढे सरकत नाही. म्हणून मी तिला आधी पुण्याला पाठवीन: सावित्रीबाई फुले विद्यापीठात तत्त्वज्ञानाचं एमए. दोन वर्षांच्या फीपेक्षा राहण्या-जेवणाचाच खर्च जास्त होईल, तो तुमच्या चालू पगारातून निघेल. त्याच काळात नेट आणि परदेशी शिष्यवृत्त्यांचे अर्ज.

परदेशच हवा असेल तर म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात लॉजिक आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं एमए इंग्रजीतून आहे, आणि तिथे शिक्षण शुल्क नाही. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे साधारण १२ लाख. पण ते तिलाच दरमहा खर्चाला परत मिळतात. कोर्स दोन वर्षांचा आहे, तेव्हा दुसऱ्या वर्षाचीही सोय धरा. एवढ्यासाठी बाग तारण ठेवून कर्ज काढलं तर मी अडवणार नाही. बाग तुमचीच राहते.

इंग्लंडच्या ऑफरवर अनामत भरण्याची तारीख असेल. त्याआधी तिला दोन ओळींचा ईमेल टाकायला सांगा: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि नाही आले तर अनामत परत मिळेल का. उत्तर लेखी आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.